हाली नोटेचे मोल

गेल्या वर्षी इतिहासाचा तास चालू असता एका विद्यार्थ्याने वहीतून एक जुनी नोट काढून माझ्या हाती दिली. निजाम सरकारची दहा रुपयांची नोट. घडीवर चिरलेली, कडा झिजलेल्या. त्याच्या दादीने ती ट्रंकेतून काढली होती व निरोप धाडला होता, "सरांना विचार, याचे आता काही येते का?"

उत्तरापूर्वी थोडा इतिहास पाहू. ब्रिटिश सरकारने १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१७ साली एक रुपयाची नोट निघाली. त्याच टंचाईमुळे हैदराबाद संस्थानने १९१८ मध्ये चलन कायदा करून दहा व शंभर रुपयांच्या नोटा काढल्या. पुढे १९१९ मध्ये एक व पाच रुपयांच्या, तर १९२६ मध्ये हजाराच्या नोटा आल्या. नाशिकचा छापखाना उभा राहिल्यावर त्या तेथे छापल्या जाऊ लागल्या.

आपले सोलापूर इंग्रजी अमलात, तर जवळचे तुळजापूर व नळदुर्ग निजामी राज्यात. इकडे कलदार, तिकडे हाली. सहा कलदार म्हणजे सात हाली. अर्थात शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै. त्रैराशिकाचे गणित सरहद्दीवरच्या माणसाला बाजारातच शिकावे लागे!

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने निघाली आणि चार-पाच दिवसांत निजामी सत्ता संपली. १९५० मध्ये भारतीय रुपया तेथे लागू झाला, १९५१ मध्ये हाली चलन काढणे थांबले व १९५९ मध्ये ते रद्द झाले. त्या धामधुमीत दादीचे वडील मुलाबाळांसह सोलापुरास आले. ही नोट बदलून घेण्याचे राहून गेले, की त्यांनी मुद्दाम ठेवली, हे दादीलाही ठाऊक नाही.

संग्राहक अशा नोटा का शोधतात? नाणे शतके टिकते. नोट मात्र झिजते, आणि खजिन्यात परतली की नष्ट होते. म्हणून वाचलेली नोट दुर्मिळ. ते सही पाहतात, क्रमांक पाहतात, घड्या मोजतात. तेव्हा जुनी नोट धुऊ नये, चिकटपट्टी लावू नये, इस्त्री तर मुळीच करू नये.

पण मला त्या नोटेवर दुसरेच काही दिसले. एकाच कागदावर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही किंमत लिहिलेली होती. राज्य गेले, किंमत गेली. साक्ष मात्र उरली.

मी विद्यार्थ्याला सांगितले, "दादींना सांग, घडीवर चिरलेल्या नोटेचे बाजारात फारसे येणार नाही. ती विकण्यापूर्वी त्यांच्याजवळ बस, आणि वडील कोणत्या गावाहून, कसे आले ते वहीत लिहून घे."

त्याने चार पाने लिहून आणली. नोट विकली गेली नाही. आपल्याही घरी एखादी ट्रंक असेलच. ती उघडा, आणि उघडताना वडीलधाऱ्यांना जवळ बसवा.