काळ्या भांड्यावरची चांदीची फुले : बिदरच्या एका हुक्क्याची गोष्ट

१/ जुन्या वस्तूंच्या एखाद्या दुकानात, जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात किंवा संग्रहालयाच्या काचेआड एक भांडे आपण कधीतरी पाहिलेले असते. रंग गडद काळा आणि त्या काळोखात चमकणारी चांदीची फुले. कोणी त्यात फुले खोवून ठेवतो, कोणी वर दिव्याची छत्री बसवतो. मुळात हे भांडे ना फुलदाणी होते, ना दिव्याची बैठक. ते एका हुक्क्याचे पाणी भरायचे पात्र होते.

२/ या एका पात्रात राजस्थानातील खाण, अमेरिकेतून आलेले एक पान, इराणी रुची, मोगली फूल आणि दख्खनच्या एका किल्ल्यातील माती एकत्र आली आहे. वस्तू आपल्या मूळ कामापासून तुटली की ती सुंदर राहते, पण मुकी होते. तिला पुन्हा बोलते करायचे तर ती जिथे घडली त्या गावी जावे लागते. ते गाव म्हणजे बिदर, आणि ही कला म्हणजे बिदरी.

३/ मराठी माणसाला बिदर परके नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली आणि विठ्ठल विठू महाराच्या रूपाने त्या धान्याची किंमत चुकती करायला गेला, ही कथा आपण लहानपणी ऐकतो. विठू ज्या ‘बेदर’च्या दरबारात गेला, तेच हे बिदर. उदगीरहून निघालो तर महाराष्ट्राची सीमा ओलांडून थोड्याच वेळात आपण तिथे पोहोचतो.

४/ पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी सुलतान अहमदशहाने आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली. बहमनी सत्ता विस्कटल्यावर येथे बरीदशाही आली. १६१९ मध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बिदर घेतले, १६५७ मध्ये शाहजादा औरंगजेबाने ते मोगलांकडे नेले आणि पुढे ते निजामाच्या राज्यात राहिले. राज्यकर्ते बदलत गेले. कारागीर मात्र गावातच राहिले.

५/ बिदरी समजून घ्यायची तर आधी बाजारात जाऊ नये, किल्ल्यात जावे. तेथील रंगीन महाल पाहावा. आज दिसणारे त्याचे रूप बरेचसे सोळाव्या शतकातील अली बरीदशहाच्या काळचे आहे. काळ्याभोर बसाल्टमध्ये खोबणी कोरून त्यांत शिंपल्याचे तुकडे बसवले आहेत. काळ्या दगडावर उमटलेली ती मोतिया नक्षी पाहताना बिदरीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

६/ रंगीन महालातूनच बिदरी जन्मली, असे म्हणणे घाईचे ठरेल. एवढे मात्र दिसते, की गडद पृष्ठभागात उजळ नक्षी जडवण्याची रुची या दरबारात मुरलेली होती. त्याच गावात महमूद गवानचा १४७२ चा मदरसा उभा आहे. त्याच्या दर्शनी भागावर शिल्लक राहिलेल्या रंगीत फरशा थेट इराणशी असलेले नाते सांगतात. माणसे, विद्या आणि कसब तिकडून इकडे येत होते.

७/ परंपरा सांगते, की बिदरीही अशाच एका इराणी कारागिराबरोबर बहमनी काळात आली. परंपरेला मान द्यावा, पण पुरावाही तपासावा. आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या बिदरी वस्तू अभ्यासक साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकापर्यंतच्या मानतात. शिवाय ही कला जशीच्या तशी बाहेरून आली असेल, याविषयी शंका घ्यायला एक भक्कम कारण आहे. ते कारण म्हणजे तिचा धातू.

८/ बिदरीचे भांडे लोखंडाचे नसते, पितळेचेही नसते. ते मुख्यतः जस्ताचे असते. कारागीर साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे घेतात. आज जस्त आपल्याला सामान्य वाटते, पण त्या काळी हा मोठा अवघड धातू होता. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. खनिजातून ते वेगळे करायला याहूनही अधिक उष्णता लागते.

९/ म्हणजे साध्या भट्टीत जस्त हाती येण्याआधीच वाफ होऊन उडून जाते. ती वाफ हवेपासून वाचवून थंड करण्याची युक्ती उदयपूरजवळच्या जावर येथील कारागिरांनी साधली होती. मातीच्या बंद नळ्यांत खनिज तापवायचे, नळीचे तोंड खाली ठेवायचे आणि उतरणारी वाफ खालच्या थंड भांड्यात गोठू द्यायची. जावरला मध्ययुगातच हे काम मोठ्या प्रमाणावर चालत होते.

१०/ इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने जस्त गाळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. तोवर बिदरचे कारागीर कित्येक पिढ्या जस्ताची भांडी ओतत होते. धातुविद्येचा इतिहास केवळ तोफा-तलवारींत शोधणाऱ्यांनी हे हुक्क्याचे पात्र एकदा हातात घेऊन पाहावे.

११/ आता कारखान्यात शिरू. माती, राळ आणि एरंडेल यांच्या मिश्रणाने साचा बनतो. त्यात धातू ओतला जातो. साच्यातून निघालेले भांडे करडे, खरखरीत आणि दिसायला अगदीच सामान्य असते. कानशीने ते घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. भांडे तात्पुरते काळवंडते, त्यामुळे टोकदार लोखंडी सळईने काढलेली नक्षीची रेघ त्यावर स्पष्ट दिसते. पट्टीतला कारागीर ही रेघ हातानेच काढतो, छापा वापरत नाही.

१२/ मग छिन्नीने ती रेघ खोदायची आणि खोबणीत चांदी ठोकून बसवायची. चांदीची तार बसवली तर ती तारकशी. पत्र्याचे कापलेले तुकडे पृष्ठभागाशी समतल बसवले तर तेहनिशान. नक्षी उठावदार ठेवली तर जरनिशान. चांदीचा पत्रा मढवून त्यातून फुलांचे आकार कापून काढले, म्हणजे काळी फुले आणि चांदीची भुई, तर ती आफताबी. जुन्या उत्तम वस्तूंवर यांतल्या दोन-तीन रीती एकत्रही सापडतात.

१३/ इथवर भांडे पुन्हा घासून उजळ झालेले असते. करड्या जस्तात पांढरी चांदी जेमतेम ओळखू येते. यानंतरची पायरी मोलाची. किल्ल्याच्या जुन्या भागांतली, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेली माती आणि नवसागर पाण्यात कालवून तो लेप कोमट भांड्यावर चोळतात. पाहता पाहता जस्त गडद काळे होते आणि चांदी तशीच लखलखीत राहते. शेवटी तेलाचा हात फिरवला की काळेपणा अधिक खुलतो.

१४/ कोणती माती चांगली, हे कारागीर ती जिभेवर ठेवून ठरवतात. या मातीतले क्षार आणि नवसागर मिळून धातूच्या वरच्या थराचा रंग पालटतात. त्यात आणखी एक मर्म आहे. निव्वळ जस्तावर असा काळा रंग चढत नाही, त्यासाठी तांब्याचा तो अल्प अंश हवाच. चांदीवर या लेपाचा परिणाम होत नाही. ज्यांनी हे प्रमाण बसवले त्यांची नावे इतिहासाने नोंदवली नाहीत.

१५/ धातू झाला, रंग झाला. आता हे पात्र हुक्क्याचेच का घडले? त्यासाठी तंबाखूच्या मागावर जावे लागेल. तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून दख्खनमध्ये आली. उत्तरेच्या बादशाही दरबारापर्यंत ती पोहोचली, तीही दख्खनमधूनच.

१६/ अकबराचा एक अधिकारी असद बेग १६०३-०४ च्या सुमारास विजापूरला गेला होता. आदिलशहाची कन्या आणि शाहजादा दानियाल यांच्या विवाहाचे ते काम होते. विजापुरात त्याला तंबाखू दिसली. अशी वस्तू त्याने पूर्वी पाहिली नव्हती. त्याने तंबाखू घेतली आणि सोबत एक देखणी चिलीमही करवून घेतली. तीन हात लांबीची नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्ने आणि मिनाकाम, तोंडाशी येमेनी अकीक.

१७/ आग्र्याला हा नजराणा पाहून अकबराने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली : आपल्या ग्रंथांत या वनस्पतीचे गुणदोष नाहीत, बादशहाने ती का ओढावी? असद बेगने प्रतिवाद केला, की जगातला प्रत्येक रिवाज कधीतरी नवाच असतो. अकबराने पुढे तंबाखू ओढली नाही, पण सरदारांनी ती मागून मागून नेली आणि व्यापारी विकू लागले. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. ती किती पाळली गेली, हे पुढच्या शतकातले हुक्केच सांगतात.

१८/ हुक्क्यात वर चिलीम, मध्ये उभी दांडी, खाली पाण्याचे पात्र आणि बाजूला ओढायची नळी. धूर पाण्यातून गार होऊन येतो. आपल्याकडचा ‘गुडगुडी’ हा शब्द त्या पाण्याच्या आवाजावरूनच आला. गरिबाघरी हे पात्र नारळाच्या करवंटीचे असे. हुक्क्याचे ‘नारगिल’ हे फारसी नावही नारळावरूनच पडले. दरबारात करवंटीच्या जागी बिदरी आली.

१९/ आता पात्राच्या आकाराकडे पाहा. सतराव्या शतकातील पात्रे बहुधा चेंडूसारखी गोल असतात. ती जमिनीवर आपणहून उभी राहत नाहीत, त्यांच्याखाली चुंबळीसारखे धातूचे कडे ठेवावे लागते. अठराव्या शतकात सपाट बुडाची, घंटेच्या आकाराची पात्रे रूढ झाली. कडे हरवलेले आणि म्हणून कोपऱ्यात कलंडून पडलेले गोल पात्र दिसले, तर ते घंटाकृती पात्राहून जुन्या घडणीचे असण्याचा संभव अधिक.

२०/ नक्षीही काळाची खूण देते. कमानीत एकटेच उभे असलेले फुलझाड, विशेषतः अफूचे फूल, हा मोगल कलेचा लाडका विषय. जहांगीर-शाहजहानच्या काळात तो चित्रांत, संगमरवरात आणि वस्त्रांवर बहरला. मोगल सत्ता दख्खनमध्ये स्थिरावत गेली तसे हे फूल बिदरीवरही उमलले. ज्या सैन्याने १६५७ मध्ये बिदरला वेढा घातला, त्याच सत्तेची फुले बिदरच्या कारागिरांनी चांदीत जडवली. यात शरणागती किती आणि बाजाराची जाण किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

२१/ पुढे ही कला बिदरबाहेरही गेली. लखनौ, मुर्शिदाबाद आणि बिहारातील पूर्णिया येथेही बिदरी घडू लागली, आणि गाव दुसरे असले तरी कलेचे नाव बिदरीच राहिले. कंपनीचे गोरे अधिकारीही हुक्क्याच्या नादी लागले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बिदरी मांडली गेली आणि युरोपीय संग्रहालयांनी ती मिळवायला सुरुवात केली.

२२/ गंमत अशी, की जगाने बिदरीचे कौतुक सुरू केले तेव्हा तिचे मुख्य गिऱ्हाईकच ओसरू लागले होते. चिरूट आणि मग सिगारेट आली. हुक्का, त्याची निगा राखणारा हुक्काबरदार आणि तासन्‌तास चालणाऱ्या बैठका मागे पडल्या. कारागिरांनी फुलदाण्या, तबके, सिगारेटच्या डब्या आणि रक्षापात्रे घडवायला घेतली. ज्या धुराने हुक्का घालवला, त्याचीच राख झेलणारी भांडी ते बनवू लागले. कला टिकली ती अशी जुळवून घेऊन.

२३/ जुन्या पात्रांचे मात्र हाल झाले. दांडी एकीकडे, चिलीम दुसरीकडे, कडे तिसरीकडे. कित्येक पात्रांना विजेची तार ओवण्यासाठी भोके पाडली गेली आणि त्यांचे टेबलावरचे दिवे झाले. काळा पृष्ठभाग ‘मळला’ म्हणून कोणी तो चकचकीत घासला, तर त्याने किल्ल्याच्या मातीने चढवलेला रंगच काढून टाकला. म्हणून लक्षात ठेवा : जुनी बिदरी चिंच, लिंबू किंवा पितळेच्या पावडरीने कधीही घासू नये.

२४/ अशी वस्तू समोर आली तर चार प्रश्न विचारा. ती आपणहून उभी राहते का? तोंडाशी दांडी बसवण्याची जागा आहे का? चांदी खोबणीत बसवली आहे की वरून नुसता मुलामा आहे? आणि नंतर कोणी भोके पाडली आहेत का? किंमत हा पाचवा प्रश्न. तो आधी विचारला, तर पहिल्या चारांची उत्तरे धड मिळत नाहीत.

२५/ कायदाही ठाऊक हवा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. उत्तम जुनी बिदरी पाहायची असेल तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय जवळचे. तेथे आवर्जून जावे.

२६/ पण प्रवास सुरू करावा तो बिदरपासून. सकाळी रंगीन महाल, दुपारी गवानचा मदरसा आणि मग चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्या. तिथे छिन्नीवर पडणाऱ्या हातोडीचा बारीक, सलग नाद आजही ऐकू येतो. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाचे रक्षण होते. हाताचे रक्षण गिऱ्हाईक करते. जुनी वस्तू विकत घेण्याच्या मागे लागण्यापेक्षा तिथल्या कारागिराकडून एखादी नवी, लहानशी वस्तू घ्यावी.

२७/ आणि घेताना ती कशी काळी झाली, हे त्यालाच विचारावे. तो मातीचे बोचके उघडून दाखवील. ती चिमूटभर माती बहमनी, बरीदशाही, आदिलशाही, मोगल आणि निजाम या पाचही राजवटींच्या किल्ल्यातली आहे. या राजवटींच्या तारखा आपण पाठ करतो. त्यांची माती ज्यावर चढली आहे, ती भांडी मात्र आपण फुलदाण्या समजून बसलो होतो.