दहा फुटी काठी

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. बुरूज सात आणि मावळे पाच असले, म्हणजे हात तुटलेला मावळा पहारेकरी होतो आणि गतवर्षीची मातीची गवळण गडावरची हिरकणी होते. खोक्यात पुरेसे मावळे असते, तर त्या गवळणीकडे कोणी वळूनही पाहिले नसते! हाच न्याय साता समुद्रांपलीकडील एका खेळाच्या इतिहासात आढळला, तेव्हा मला मोठे नवल वाटले.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तेथला गॅरी गायगॅक्स हा विम्याच्या व्यवसायातला नोकरदार. १९७० साली त्याची नोकरी गेली; पुढे जोडे दुरुस्त करून त्याने प्रपंच चालविला. लढायांच्या खेळांचे वेड मात्र सुटले नाही. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन या तरुणाच्या साथीने त्याने एक नवाच खेळ रचला. १९७४ च्या जानेवारीत तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने बाहेर पडला. एका पेटीत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, आणि पहिली आवृत्ती अवघी १,००० प्रतींची.

खेळ असा : एक जण पंच होतो, भुयाराचा नकाशा त्याच्यापाशी. बाकीचे सोंगे घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. प्रत्येकाने आपण काय करतो ते बोलून सांगायचे. शंका आली की फासे टाकायचे. वीस पैलूंचे फासे तेव्हा खेळण्यांच्या दुकानांत कोठून असणार? ते सापडले शालेय साहित्याच्या सूचिपत्रात! १९७९ साली फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा पेटीत आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या आल्या. त्या कापायच्या, पेल्यात टाकायच्या, आणि न पाहता एक उचलायची.

पण खरी गंमत सामानाच्या यादीत आहे. आरंभी तीन फाशांच्या बेरजेच्या दसपट मोहरा मिळत. म्हणजे कमीत कमी ३०, फार तर १८०. पोलादी चिलखताला ५० मोहरा, तलवारीला १०. दोर पन्नास फूट, मशाली सहा, लोखंडी मेखा बारा आणि दहा फुटी काठी यांना प्रत्येकी एकच. शिवाय वजनाचा हिशेब होता, आणि तो सोन्याच्या नाण्यांतच मांडलेला! परतताना धन उचलायचे, तर सामान टाकावे लागे.

साहजिकच खेळाडू स्वस्त वस्तूंकडे वळले. काठीने पुढली फरशी ठोकून पाहावी, खड्डा असेल तर कळेल. मेख ठोकून दार अडवावे, पाठलाग थांबेल. तलवार फक्त मारते. काठीला मात्र डोके लावावे लागते.

राक्षसांचीही तीच कथा. हाँगकाँगच्या बनावटीच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांत एक विचित्र प्राणी होता. अंग शेवंड्यासारखे, शेपटीला पंखा. गायगॅक्सने त्याला १९७५ साली गंज चढविणारा राक्षस करून टाकले. हा माणसाला खात नाही, लोखंड खातो! चिलखत गेले, तलवार गेली. उपाय काय? मूठभर मेखा त्याच्यापुढे फेकाव्यात आणि तो खात बसला की पळावे.

यावरून कोणी गरिबीची आरती ओवाळू नये. नोकरी गेलेल्या माणसाला त्या दिवशी कल्पना सुचत नाहीत, वाण्याची उधारी आठवते. खेळातली टंचाई स्वतः पत्करलेली असते. आणि 'काठीने असे केले तर?' असे विचारले की पंच ऐकून घेतो, फासा टाकू देतो.

हे लिहिताना मला माझाच वर्ग आठवतो. एकदा नाटुकले बसवताना एका मुलाने छत्रीचे धनुष्य केले. 'छत्री छत्रीसारखी वापर,' म्हणून मी ती काढून घेतली. मुलगा मुकाट्याने जागेवर जाऊन बसला. त्या वर्षी पुन्हा त्याने काही सुचविले नाही. साहित्य आमच्याकडेही थोडकेच होते. पण त्या खेळात पंच होता. येथे मी होतो.

यंदा अंगणातल्या किल्ल्यावर हिरकणी म्हणून काय उभे आहे ते पाहा, आणि हसू नका. तिचे नाव विचारा.