भाताचं पुस्तक आणि त्यात नसलेलं पान

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. आज गोष्ट सांगणार आहे भाताची. पण शेतातल्या नव्हे, संगणकावरच्या भाताची.

आधी थोडी पार्श्वभूमी. सजीवाच्या पेशीत डीएनए असतो आणि तो चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, हे आपण शाळेत शिकलोय. ही सगळी अक्षरं ओळीने वाचून काढणं म्हणजे जीनोम वाचणं. वनस्पतींमध्ये हा पहिला मान मिळाला अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या एका क्षुल्लक तणाला, डिसेंबर 2000 मध्ये. का? तर त्याचा जीनोम छोटा आहे, साधारण साडेबारा कोटी अक्षरांचा. पण तण कुणाचं पोट भरत नाही. पोट भरतं भात, आणि भाताचा जीनोम साधारण 38.9 कोटी अक्षरांचा.

हे काम अंगावर घेतलं एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने. 1997 च्या सुमारास त्याची जुळवाजुळव सुरू झाली. नेतृत्व जपानकडे होतं आणि दहा देशांतल्या प्रयोगशाळांनी भाताची बारा गुणसूत्रं आपापसांत वाटून घेतली. भारताच्या वाट्याला अकराव्या गुणसूत्राचा एक भाग आला. तो दिल्ली विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसमधल्या आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी वाचला. वाचायला वाण निवडलं एकच, जपानचं निप्पोनबारे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरी गंमत. त्या काळचं यंत्र एका दमात पाचसातशे अक्षरंच वाचू शकायचं. म्हणजे एखाद्या ग्रंथाच्या अनेक प्रती फाडून त्यांचे कपटे करायचे, प्रत्येक कपट्यावरची ओळ वाचायची आणि जिथे दोन कपट्यांवरचा मजकूर सारखा लागतो तिथे ते जोडत जायचं. हे काम माणसाच्या हातून होणं अशक्यच. इथे संगणकाचे प्रोग्रॅम कामाला आले. सिएटलच्या फिल ग्रीन यांच्या गटाने तयार केलेला फ्रेड हा प्रोग्रॅम प्रत्येक अक्षराला गुण द्यायचा: 20 गुण म्हणजे चुकीची शक्यता शंभरात एक, 30 म्हणजे हजारात एक. फ्रॅप हा त्याचा जोडीदार कपटे जोडायचा. आणि जोडलेल्या मजकुरात जनुकं कुठे आहेत हे शोधायला मोठा आधार होता 1990 मध्ये आलेल्या ब्लास्टचा. त्याची युक्ती साधी. दोन लांबलचक मजकूर अक्षरन् अक्षर ताडत बसायचं नाही. आधी छोटे जुळणारे शब्द शोधायचे आणि मग तिथून दोन्ही बाजूंना वाढत जायचं. अचूकता किंचित कमी, पण वेग कितीतरी जास्त. आजही जीवशास्त्राचा विद्यार्थी बहुधा पहिल्यांदा हेच हत्यार हातात घेतो.

प्रकल्प चालू असतानाच एप्रिल 2002 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात भाताचे दोन कच्चे मसुदे एकदम छापून आले. एक चीनमधल्या बीजिंगच्या संस्थेचा, इंडिका भाताचा. दुसरा सिंजेंटा या कंपनीचा, निप्पोनबारेचाच. चीनच्या गटाने आपला डेटा सार्वजनिक भांडारात ठेवला. कंपनीने मात्र तो स्वतःच्या ताब्यात, अटी घालून ठेवला. आता शास्त्राचा संकेत असा की निष्कर्ष छापायचा तर मूळ डेटा सगळ्यांना तपासायला खुला हवा. त्यामुळे अनेक नामवंत संशोधकांनी जाहीर आक्षेप घेतला. अखेर कंपनीने आपला डेटा सार्वजनिक प्रकल्पाला द्यायचं मान्य केलं. ऑगस्ट 2005 मध्ये ‘नेचर’मध्ये सार्वजनिक प्रकल्पाचा पक्का मजकूर प्रसिद्ध झाला. त्यात 37,544 जनुकांचा अंदाज होता आणि तो कुणालाही, कुठूनही, फुकट उतरवून घेता येत होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण पुस्तक झालं होतं एका वाणाचं.

पूर्व भारतात पुराचं पाणी शेतात चढलं की भाताचं रोप वर यायला धडपडतं, भराभर लांब होतं, साठवलेली सगळी शक्ती त्यात खर्ची घालतं आणि मरतं. ओडिशातल्या स्थानिक भातातून निवडलेलं एफआर 13ए हे वाण मात्र वेगळं वागतं. ते पाण्याखाली वाढ थांबवून गप्प बसतं आणि दोनेक आठवड्यांनी पाणी ओसरलं की पुन्हा फुटतं. हा गुण नवव्या गुणसूत्रावर आहे, हे 1996 मध्ये कळलं होतं. नेमकं जनुक हाती लागलं 2006 मध्ये. त्याचं नाव सब1ए. आणि निप्पोनबारेच्या त्याच जागेशी ताडून पाहिलं तर काय दिसलं? तिथे हे जनुकच नाही! बाजूची भावंडं आहेत, हे नाही. लाखो शेतकऱ्यांचं पीक वाचवू शकणारं पान जगाच्या प्रमाण प्रतीत नव्हतंच.

पुढे हेच जनुक संकराने आणि डीएनएच्या खुणा तपासत स्वर्णा या लोकप्रिय वाणात आणलं गेलं. 2009 मध्ये स्वर्णा-सब1 भारतात प्रसारित झालं. त्यात जेवढा प्रयोगशाळेचा वाटा आहे, तेवढाच ओडिशात पिढ्यान्‌पिढ्या ते बी राखणाऱ्यांचा आहे, असं मला वाटतं.

यातून शास्त्रज्ञही शिकले. 2014 मध्ये 89 देशांतून आलेल्या तीन हजार भातांचा डेटा खुला झाला. पण तिथेही एक मेख होती. नेहमीची पद्धत अशी की प्रत्येक वाणाचे कपटे निप्पोनबारेच्या प्रतीवर नेऊन बसवायचे. जे कपटे कुठेच बसत नाहीत, त्यांचं काय? सब1एसारखी जनुकं नेमकी त्याच ढिगात पडतात. म्हणून तो ढीग वेगळा काढून नव्याने जोडला गेला. 2018 मध्ये 3,010 वाणांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात निप्पोनबारेत नसलेली दहा हजारांहून जास्त जनुकं सापडली. आता एका वाणाच्या पुस्तकाऐवजी सगळ्या वाणांचं मिळून एक ग्रंथालय करायचं, असा विचार रुजलाय. त्याला पॅनजीनोम म्हणतात.

माझ्या मते या इतिहासाचा धडा सरळ आहे. प्रोग्रॅम कितीही हुशार असो, त्याच्यापुढे जे बी ठेवलं जातं तेच तो वाचतो. एखादं गावठी वाण बियाण्याच्या कणगीतूनच नाहीसं झालं, तर त्याचं पान जगातला कुठलाही संगणक परत लिहून देऊ शकणार नाही. तेव्हा तुमच्या गावात, तुमच्या आजोळी अजून कुणी जुनं भात राखून असेल, तर त्याचं नाव आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.