ध्रुवरात्रींतील शैवालें

वनस्पति आणि सूर्यप्रकाश यांचें नातें इतकें निकटचें आहे कीं, काळोखांत वाढणाऱ्या वनराजीची कल्पनाहि आपल्या मनास शिवत नाहीं. तथापि अशी वनराजी उत्तरध्रुवीय समुद्राच्या तळाशीं आहे. तिचा परिचय मनुष्यास कसा झाला व आज तिजवर कोणता प्रसंग आला आहे, हें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

इ. स. १८७२ सालीं नॉर्डेनशोल्ड यांच्या नेतृत्वाखालील स्वीडिश तुकडी स्पिट्सबर्गेन बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, मोसेल उपसागरांत, हिवाळ्यासाठीं मुक्कामास राहिली. तींत शेल्मन नांवाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सूर्य महिनोन्‌महिने उगवत नव्हता. पाण्याचें तपमान शून्याच्याहि खालीं होतें. अशा दीर्घ रात्रींत समुद्राचा तळ खरवडून त्यांनीं शैवालें वर काढलीं. तीं मृत नव्हतीं, निद्रिस्तहि नव्हतीं. तीं वाढत होतीं आणि कित्येकांच्या अंगीं बीजाणु धरले होते! पुढें १८८३ सालीं शेल्मन यांनीं ह्या समुद्रांतील शैवालांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

ह्या नवलाचें कारण पुढील संशोधनानें उलगडलें. उन्हाळ्यांतील अखंड प्रकाशांत हीं शैवालें अन्नाचा सांठा करितात आणि काळोखांत तो खर्चून नवीं पातीं काढतात. काटकसरी गृहस्थ बेगमीवर पावसाळा काढतो, तसेंच हें. लॅमिनेरिया सॉलिडंग्युला ही जाति तर केवळ ध्रुवीय शीत जलांतच आढळते. थंडी हा तिचा शत्रु नव्हे, आधार होय.

आतां त्या समुद्राचीच प्रकृति पालटत आहे. स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्यावर कोंग्सफियोर्डन नांवाची चिंचोळी खाडी आहे. तिच्या मुखाजवळ एकाच जागेचीं छायाचित्रें १९८० पासून तीस वर्षें वर्षानुवर्षें घेण्यांत आलीं. १९९५ च्या सुमारास तेथील शैवालांचें आच्छादन एकाएकीं पांचपट झालें. बर्फ कमी होऊन प्रकाश वाढला, पाणीहि उबदार झालें.

मग ही भरभराटच नव्हे काय? थोडें थांबावें. खाडीच्या आंतल्या बाजूस, हान्सनेस येथें, १९९६ ते ९८ व पुन्हां २०१२ ते १४ ह्या काळांत पाणबुड्यांनीं शैवालांचें मोजमाप केलें. पूर्वीं त्यांची सर्वाधिक दाटी पांच मीटर खोलीवर होती. ती अडीच मीटरांवर आली. उथळ भागीं तळ घासून काढणारा बर्फ उरला नाहीं, म्हणून शैवालें वर सरसावलीं. परंतु वितळत्या हिमनद्यांनीं आणलेल्या गाळानें पाणी गढूळ झालें, आणि खोलावरच्या शैवालांचा प्रकाश हिरावला गेला. वरून जें मिळालें, तें खालून गेलें.

ह्याच खाडीच्या कांठीं, न्यू-ओलेसुंद येथें, २००८ सालीं भारताचें ‘हिमाद्रि’ हें केंद्र सुरू झालें. त्याचा कारभार गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहतें. १८७३ सालच्या काळोखांत जीवन पाहून शेल्मन यांस विस्मय वाटला असेल. आपल्या पिढीस मात्र त्या अरण्याची वाढ पाहतांना, ती कोणाच्या मोलानें होत आहे, हें विचारावें लागेल. थंडीच्या आधारानें जगणाऱ्या जातींस उत्तरेकडे आणखी किती ठिकाण उरलें आहे, हाच खरा प्रश्न होय.