दिनविशेष : १४ मार्च
दादा कोंडके स्मृतिदिन

ढगळ अर्धी चड्डी, खाली लोंबणारी नाडी आणि चेहऱ्यावर भाबडेपणा. कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचे १९९८ मध्ये आजच्या दिवशी मुंबईत निधन झाले. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातला हवालदार त्यांनी गावोगावी गाजवला. १९७१ मध्ये स्वतः निर्माते होऊन 'सोंगाड्या' काढला, तेव्हा दादरच्या 'कोहिनूर'मध्ये मराठी सिनेमाला जागा मिळेना. शिवसेनेने आवाज उठवल्यावर तो लागला आणि तुफान चालला. 'पांडू हवालदार'पासून (१९७५) दिग्दर्शनही त्यांचेच. सलग नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांची गिनीज बुकात नोंद झाली. द्वयर्थी संवादांवरून टीका झाली; पण गिरणगावातला, खेड्यातला प्रेक्षक त्यांनीच थिएटरात आणला.