राज्याचे अपकृत्यदायित्व : एका निर्णयाचा उत्तरेतिहास

नोकराच्या हयगयीने तिऱ्हाइतास इजा झाली तर तिची भरपाई धन्याने करावी, हे अपकृत्यविधीचे एक मूलतत्त्व होय. परंतु धनी खुद्द सरकारच असेल तर काय? भारतात या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ एका घोड्याच्या दुखापतीवरून उद्भवलेल्या दाव्यात शोधले गेले.

कलकत्त्यास खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील कामगार आगबोटीच्या दुरुस्तीसाठी लागणारा अवजड लोखंडी भाग हमरस्त्यावरून नेत होते. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल कंपनीची घोडागाडी जवळ येताच त्यांनी तो गोंधळून खाली टाकला. त्या आवाजाने बुजलेला घोडा त्यावर आदळून जखमी झाला. कंपनीने भारतमंत्र्यांवर ३५० रुपयांचा दावा लावला. १८६१ साली सर बार्न्स पीकॉक यांनी तो ग्राह्य ठरविला. ईस्ट इंडिया कंपनीवर जे दायित्व आले असते, तेच १८५८ च्या कायद्याने भारतमंत्र्यांकडे आले, असा त्यांचा आधार होता. मात्र केवळ सार्वभौम सत्तेच्या बळावर होणाऱ्या कृत्यांबद्दल दावा चालणार नाही, असेही त्यांनी म्हटले. वादी जिंकला, परंतु पुढे वजन आले ते या अपवादालाच.

वस्तुतः १८८२ साली हरी भानजी खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने हा अपवाद फार संकुचित मानला होता. मुंबईहून मलबारकडे निघालेल्या मिठावरील वाढीव कराचा तो वाद होता. कायद्याच्या आधारे केलेल्या सरकारी कृत्यास न्यायालयात आव्हान देता येते, असे त्यात ठरले.

संविधानाच्या ३०० व्या अनुच्छेदाने, विधिमंडळ अन्यथा ठरवीपर्यंत, जुनी स्थितीच कायम ठेवली. विधी आयोगाने १९५६ साली, आपल्या पहिल्याच अहवालात, स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. १९६२ साली विद्यावती खटल्यात, उदयपूर येथे सरकारी जीपखाली सापडून मृत्यू पावलेल्या पादचाऱ्याच्या कुटुंबास भरपाई मिळाली. परंतु १९६४ साली कस्तुरीलाल खटल्यात, मीरत पोलिसांनी १९४७ मध्ये जप्त केलेल्या व त्यांच्याच ताब्यातून नाहीशा झालेल्या सोन्याबद्दल राज्य जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. अटक व जप्ती ही सार्वभौम कार्ये मानली गेली. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी मात्र ही स्थिती समाधानकारक नसल्याचे सांगून विधिमंडळाकडे कायद्याची अपेक्षा व्यक्त केली.

त्यानंतर मांडलेली विधेयके संमत झाली नाहीत. अखेर न्यायालयानेच दुसरी वाट काढली. १९९३ साली नीलबती बेहेरा खटल्यात, पोलीस कोठडीतील मृत्यूबद्दल मूलभूत हक्कांच्या आधारे दीड लाख रुपये देवविताना, तेथे सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही, असे स्पष्ट झाले. तथापि ही वाट मूलभूत हक्कांच्या भंगापुरतीच आहे. सामान्य हयगयीने झालेल्या हानीस ती पुरत नाही. नागरिकाच्या बाजूने लागलेल्या निकालातील एक अपवाद नागरिकाविरुद्ध नियम होऊन बसला, याचे कारण पीकॉक यांच्या शब्दांत जितके आहे, त्याहून अधिक ते विधिमंडळाच्या मौनात आहे.