न बोलणारा माणूस आणि बोलावणारे चित्र

संपादकीय व्यंगचित्राचा विचार मराठी समीक्षेने वाङ्मयीन प्रश्न म्हणून फारसा केलेला नाही. वसंत सरवटे यांच्यासारख्या चित्रकारांचे लेखन सोडले, तर हा प्रकार वृत्तपत्रव्यवसायाच्या इतिहासात किंवा चित्रकलेच्या परिशिष्टात ढकलला गेला आहे. वस्तुतः व्यंगचित्र ही दोन चिन्हव्यवस्थांची संहिता असते. रेषा एक गोष्ट सांगते, ओळ दुसरी सांगते आणि अर्थ या दोहोंमधील अंतरात निर्माण होतो. त्यामुळे या संहितेबाबतचा पहिला प्रश्न निवेदनाचा ठरतो: येथे बोलतो कोण आणि गप्प कोण राहतो? आर. के. लक्ष्मण यांच्या कारकिर्दीकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहिले असता तिला एक वेगळाच अर्थ प्राप्त होतो.

रासिपुरम कृष्णस्वामी लक्ष्मण यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1921 रोजी म्हैसूर येथे झाला. लहानपणी ‘द हिंदू’मध्ये येणारी डेव्हिड लो यांची चित्रे त्यांनी पाहिली आणि रेषेची ओढ तेथून लागली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना प्रवेश नाकारला. पुढे त्याच संस्थेने त्यांना सन्मानाने पाचारण केले, हे सर्वश्रुत आहे. थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या कथांसाठी चित्रे काढण्यापासून त्यांची सुरुवात झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास ते मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये आले आणि तेथून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले. या दैनिकातील त्यांचे काम पन्नासहून अधिक वर्षे चालले. 26 जानेवारी 2015 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

1951 साली सुरू झालेल्या ‘यू सेड इट’ या एका स्तंभाच्या चित्रमालिकेने त्यांना स्वतःचा आकृतिबंध दिला. आरंभी या चित्रांच्या पार्श्वभूमीवर प्रांतोप्रांतीची माणसे असत: बंगाली, तमिळ, पंजाबी, ज्याची त्याची पगडी, ज्याचा त्याचा पेहराव. रोजच्या कामाच्या घाईत ही गर्दी हळूहळू ओसरत गेली आणि अखेरीस एकच माणूस उरला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, मिशी, टकलाच्या कडेने राहिलेले केस. हा ‘कॉमन मॅन’. त्याची घडण बेरजेतून झालेली नाही, ती वजाबाकीतून झाली आहे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. प्रांताच्या खुणा गाळल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर त्याची वाणीही गळून पडली. त्याची पत्नी बोलते, मंत्री बोलतो, सचिव बोलतो. हा मात्र फक्त हजर असतो.

लो यांच्या कर्नल ब्लिम्पशी तुलना केली असता या मौनाचे स्वरूप स्पष्ट होते. ब्लिम्प अखंड बोलतो आणि त्याच्या बोलण्यातूनच त्याचे अज्ञान उघडे पडते. तेथे उपरोधाचा विषय आणि उपरोधाचे साधन एकच आहे. लक्ष्मण यांनी ही रचना दुभंगली. बडबड सत्ताधाऱ्याकडे ठेवली आणि साक्ष मूक माणसाकडे दिली. कादंबरीच्या परिभाषेत बोलायचे, तर हा निवेदनशून्य साक्षीदार आहे. वाचक चित्रात शिरतो तो त्याच्या जागी उभा राहून.

याच ‘फ्री प्रेस’मध्ये काही काळ लक्ष्मण यांचे सहकारी असलेले बाळ ठाकरे (1926–2012) हेही लो यांना मानणारे. त्यांच्या कुंचल्याची सफाई आणि व्यक्तिसादृश्य पकडण्याची हातोटी त्यांच्या विरोधकांनीही नाकारलेली नाही. इंग्रजी दैनिकातील नोकरी सोडल्यानंतर त्यांनी बंधू श्रीकांत ठाकरे यांच्यासह 13 ऑगस्ट 1960 रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा साडेतीन महिनेही झाले नव्हते. व्यंगचित्राची ओळ मराठीत आली, मराठी राजकारणाच्या तपशिलासह आली, ही घटना वाङ्मयीन दृष्ट्याही लहान नव्हे.

परंतु ‘मार्मिक’मध्ये चित्रांच्या शेजारी आणखी एक मजकूर येऊ लागला. मुंबईतील आस्थापनांमधल्या अमराठी, विशेषतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या. शीर्षक होते ‘वाचा आणि थंड बसा’. पुढे ते ‘वाचा आणि उठा’ असे झाले. 19 जून 1966 रोजी शिवसेना स्थापन झाली, तिच्या पूर्वतयारीत या याद्यांचा वाटा मोठा होता. यादी आणि व्यंगचित्र हे परस्परविरोधी साहित्यप्रकार आहेत, असे मला वाटते. व्यंगचित्र एका व्यक्तीचा चेहरा अतिशयोक्त करून तिला जबाबदार धरते; यादी चेहरा पुसते आणि केवळ आडनावावरून माणसाला वर्गात टाकते. त्या वर्गीकरणात म्हैसूरहून आलेल्या, तमिळ घरातल्या लक्ष्मण यांचे नावही तत्त्वतः बसणारे होते. दोघांमधील वैयक्तिक स्नेह अखेरपर्यंत टिकला, हे खरे. पण प्रकाराचे तर्कशास्त्र स्नेहाला विचारून चालत नाही.

दोन्ही शीर्षके द्वितीयपुरुषी आहेत, हा योगायोग बोलका आहे. ‘यू सेड इट’ म्हणजे हे तुम्हीच म्हणालात. बोललेल्या शब्दाची जबाबदारी तेथे बोलणाऱ्याच्या पदरात परत टाकली जाते. ‘वाचा आणि थंड बसा’ ही वरकरणी आज्ञा आहे आणि तिचा अर्थ नेमका उलटा आहे. ती वाचकाला डिवचते. एक वाक्य वक्त्याला पकडते, दुसरे वाचकाला बोलावते. पहिल्याचा वाचक एकटा हसतो. दुसऱ्याचा वाचक स्वतःला समूहात मोजू लागतो.

यावरून मौन श्रेष्ठ आणि वाणी हीन, असा सोपा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. कॉमन मॅनचे मौन इंग्रजीतले होते. त्याच्या भोवतालची माणसे ज्या भाषेत बोलत, ती बहुसंख्य सामान्यांची भाषा नव्हती. दूरदर्शनवर 1988 साली आलेल्या, लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारलेल्या ‘वागले की दुनिया’ या मालिकेत या सामान्य माणसाच्या जातकुळीचा एक कारकून बोलू लागला, तेव्हा त्याला मराठी आडनाव मिळाले आणि हिंदी वाणी. शिवाय चौकड्यांचा कोट हा शहरी, निम्न-मध्यमवर्गीय पोशाख आहे. आंबेगाव तालुक्यात घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयासमोर दाखल्यासाठी उभा असणारा महादेव कोळी शेतकरी या चित्रात स्वतःला कितपत ओळखेल? त्याचेही मौन आहे, परंतु ते उपरोधाचे नाही. ते त्याच्यावर लादलेले आहे. प्रांताच्या खुणा वजा करताना जात आणि गाव यांच्या खुणाही वजा झाल्या, हे ‘सामान्य’ या संकल्पनेचे मोल आहे.

मौन सत्तेला सोयीचेही ठरते. 1988 साली कॉमन मॅन टपाल तिकिटावर आला. 2001 साली पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा उभा राहिला. 2005 साली त्याच्या निर्मात्याला पद्मविभूषण मिळाले. ज्यांच्यावर तो रोज डोळे रोखत असे, त्यांनीच त्याला हार घातले. जो बोलत नाही, त्याचा गौरव करणे निर्धोक असते.

मराठीला मौनाची परंपराच नाही, असे नव्हे. शि. द. फडणीस यांची शब्दविरहित चित्रे त्या परंपरेचा उत्कर्ष आहेत. मात्र ते मौन निर्मळ विनोदाचे आहे, राजकीय साक्षीचे नाही. राजकीय व्यंगचित्राच्या इतिहासात मराठी वाचकापुढे दोन टोके राहिली: परभाषेत गप्प उभा असलेला साक्षीदार आणि स्वभाषेत हाक देणारे साप्ताहिक. स्वभाषेत बोलणाऱ्या सत्तेसमोर स्वभाषेतच गप्प राहून तिला तिचे शब्द परत करणारी, आणि गाव-जात न पुसता सामान्य असणारी, तेवढीच दीर्घायुषी व्यक्तिरेखा आपल्याकडे घडली नाही. व्यंगचित्राचा इतिहास लिहिताना कोणी काय काढले याच्या नोंदीबरोबर या अनुपस्थितीचीही नोंद करावी लागेल. ती चित्रकारांच्या प्रतिभेपेक्षा आपल्या वाचनव्यवहाराविषयी अधिक सांगते.